सोमवारची संध्याकाळ



मागच्या महिन्यातली गोष्ट. कार्यालयातून थकूनभागून घरी आलो तर ताई आमच्या ओट्यावर बसलेली. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. चेहरा उतरलेला. आम्ही विचारले, "काय झालं?" तर म्हणाली, "भाऊ, पोरगं हातचं जाईल असं वाटतंय."

पोरगं म्हणजे आमचा भाचा. नाशिकलाच शिकला, इंजिनिअर झाला आणि दोन वर्षांपूर्वी पाणी आणि सिंचन या विषयात एम.एस. करायला अमेरिकेत गेला. बँकेचे कर्ज आहे, प्राध्यापकांच्या हाताखाली प्रकल्पावर काम करून फीचा भार थोडा हलका होतो. गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेला मुलगा पाण्याचेच शास्त्र शिकायला सातासमुद्रापार गेला, याचा आम्हा सर्वांना अभिमान. मग हातचे जायला झाले काय?

ताई म्हणाली, "दर सोमवारी संध्याकाळी कुण्या चर्चवाल्यांकडे जातोय. तिथंच जेवतोय, तिथंच खेळतोय. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं विचार करून आपल्याला धम्म दिला, आणि हा जेवणापायी भलतीकडे गेला तर समाजात तोंड कसं दाखवू?"

आम्ही ताईला पाणी दिले आणि त्याच रात्री साडेनऊला भाच्याला फोन लावला. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच्याकडे सकाळचे नऊ. तासभर बोललो. त्यानंतरही दोन-तीनदा बोललो. ते बोलणे आपल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे, म्हणून आज सदरात मांडतो.

आधी ते गाव आणि ते लोक समजून घेऊ. भाचा आहे युटा राज्यातल्या लोगन गावी. सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, डोंगरांच्या मधोमध वसलेले पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. तिथली युटा स्टेट युनिव्हर्सिटी १८८८ साली शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झाली. गावातले बहुसंख्य लोक मॉर्मन. संस्थेचे पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि २०१८ पासून आपल्याला याच नावाने ओळखावे असा संस्थेचा आग्रह आहे. लोकांच्या तोंडी मात्र मॉर्मन हेच नाव बसले आहे. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. शेजाऱ्यांचे आणि त्यांचे पटेना, गावोगावहून त्यांना हुसकले गेले. १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांना ठार मारले. मग ब्रिगॅम यंग यांच्या मागे हे लोक हजारावर मैल चालत गेले आणि जुलै १८४७ मध्ये खाऱ्या सरोवराच्या कोरड्या खोऱ्यात पोहोचले. पोहोचताच त्यांनी पहिले काम काय केले? ओढ्याला बांध घातला, पाणी शेतात वळवले आणि बटाटे लावले. त्यामुळे सिंचन शिकणाऱ्या आमच्या भाच्याला त्या मातीबद्दल आपुलकी वाटणे साहजिकच.

आपल्या महाराष्ट्रालाही हे लोक अगदीच नवे नाहीत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईत उतरला होता आणि पुण्यापर्यंत आला होता. ते काम तेव्हा टिकले नाही. आता बंगळुरूला त्यांनी भारतातले पहिले मंदिर उभारायचे २०१८ मध्ये जाहीर केले आणि २०२० मध्ये त्याची पायाभरणी झाली.

या लोकांचे नियम कडक. १८३३ पासूनचा त्यांचा आहाराचा नियम आहे: दारू नाही, तंबाखू नाही आणि चहा-कॉफीसुद्धा नाही. भाचा पहिल्यांदा एका घरी गेला आणि सवयीने म्हणाला, "चहा चालेल." घरातली काकू गोंधळली. मग तिने गरम कोको करून दिला. भाचा हसत हसत म्हणाला, "मामा, आपल्या वस्तीत दारू पिणाऱ्याला जसं चोरट्यासारखं वाटतं ना, तसं मला तिथं चहा पिताना वाटतं!" पण त्याच दमात म्हणाला, "दुसऱ्या गावी गेलेले माझे मित्र सांगतात, पार्टी म्हटली की ग्लास हातात घ्यावाच लागतो, नाही घेतला तर हसतात. इथं मला कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पंचशीलातलं पाचवं शील पाळायला इतकं सोपं गाव दुसरं नसेल."

मग तिथली तरुण मुले वेळ घालवतात कशी? भाच्याने सांगितले ते असे. बारऐवजी सरबतांची दुकाने. सोड्यात साय, नारळ, फळांचे रस घालून मोठाले पेले भरून देतात आणि तिथे पोरापोरींच्या गप्पा रंगतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या दुग्धशाळेचे आइस्क्रीम खायला गावभरचे लोक येतात. डोंगरात भटकंती, बर्फावरची घसरगुंडी, नाचाचे कार्यक्रम. नाच आहे, पण दारू नाही. विद्यापीठाला लागूनच त्यांच्या संस्थेची एक इमारत आहे. तिथे धर्माचे वर्गही चालतात आणि खेळ-गाणीही होतात. कोणीही जावे. लग्न न झालेल्या तरुणांचे वेगळे वॉर्ड असतात. वॉर्ड म्हणजे दवाखान्यातला नव्हे. आपल्या शाखेसारखा भाग. त्याचा प्रमुख बिशप. त्याला पगार नाही. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, नोकरीधंदा सांभाळून हे काम करतो. आणि वाचकहो, त्या प्रत्येक वॉर्डात हिशेब आणि नोंदी ठेवायला एक क्लार्क असतो, तोही बिनपगारी! हे ऐकून आम्हाला भारी आनंद झाला. जन्मभर आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकाला मान आहे म्हणायचा.

मार्चअखेरीस त्याच राज्यातल्या स्पॅनिश फोर्क गावातल्या कृष्ण मंदिरात रंगांचा उत्सव होतो. भाचा मित्रांच्या गाडीतून गेला होता. रंग खेळायला हजारो तरुण, त्यात मोठा भरणा मॉर्मन विद्यार्थ्यांचा! धर्म त्यांचा वेगळा, पण दारूशिवायचा दंगा म्हटल्यावर सगळे हजर.

आता सोमवारचे. या लोकांत १९१५ पासून कुटुंबाची संध्याकाळ साजरी करण्याची पद्धत आहे आणि १९७० पासून त्यासाठी सोमवार राखून ठेवला आहे. त्या संध्याकाळी संस्थेची बैठक नाही, सभा नाही. आईबाप आणि मुले एकत्र बसतात, एक गाणे, चार शब्दांचा बोध, एखादा खेळ, शेवटी काहीतरी गोड. ज्यांचे कुटुंब लांब आहे त्या विद्यार्थ्यांचे आठ-दहा जणांचे गट करतात. परका, एकटा दिसला की त्यालाही बोलावतात. आमच्या भाच्याला असेच बोलावले.

पण बोलावण्याआधी त्याचे काय चालले होते, हे त्याने आम्हाला आत्ता सांगितले. आईला तर अजूनही सांगितलेले नाही.

ऑगस्टमध्ये गेला. आपल्याच देशातल्या चार मुलांबरोबर खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारले गेले. मग कॉलेजात प्रवेश कोणत्या यादीतून मिळाला, तेही विचारले गेले. याने खरे सांगितले. त्यानंतर वाईट कोणी बोलले नाही. फक्त शनिवारी सगळे मिळून स्वयंपाक करायचे, त्याचे बोलावणे येईनासे झाले. ताईने पेटीत बाबासाहेबांचा फोटो दिला होता. तो त्याने पेटीतच ठेवला. दिवसभर वर्ग, आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करण्याची परवानगी, ते काम संध्याकाळी सहाला संपायचे. पाच वाजताच अंधार, बाहेर गुडघाभर बर्फ. सहा ते अकरा करायचे काय? अभ्यास करायचा म्हणून पुस्तक उघडायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. ६ डिसेंबरला त्याने खोलीत एकट्याने मेणबत्ती लावली, अभिवादन केले आणि परतीच्या विमानाचे भाडे बघितले. हे सगळे चालू असताना दर रविवारी फोनवर आईला सांगत होता, "मजेत आहे."

वाचकहो, आम्ही हे ऐकत होतो आणि आमच्या हातातला चहा गार झाला. वर्गात पहिला येणारा मुलगा. फी भरली, कर्ज काढले, विमानतळावर हार घातले, फोटो काढले. पण संध्याकाळी सहा ते अकरा या वेळात तो कसा जगेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

जानेवारीत प्रयोगशाळेतल्या एका मुलाने विचारले, "सोमवारी काय करतोस?" हा म्हणाला, "काही नाही." तेव्हापासून जाऊ लागला. एक वयस्क जोडपे आपल्या घरी मुलांना बोलावते. बटाटा आणि चीजची एक भाजलेली डिश करतात, ती तिथे मयताच्या घरी हमखास नेतात म्हणून तिला नावच मयताचे बटाटे पडले आहे. आपल्याकडे शेजारी पिठलं-भाकरी नेतात, तसेच. तिथे कोणी त्याचे आडनाव काढून त्याचा अर्थ लावला नाही. एका सोमवारी प्रत्येकाने आपल्याला घडवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे होते. भाच्याने पेटीतला फोटो काढला, सोबत नेला आणि बाबासाहेबांबद्दल बोलला. १९१३ साली न्यूयॉर्कला आलेला विद्यार्थी, महाडचे पाणी, आणि २ मार्च १९३० पासून आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे चाललेला सत्याग्रह. एका मुलीने विचारले, "देवळात जाऊ का देत नव्हते?" त्याने सांगितले, "जन्मामुळे."

खोलीत शांतता पसरली. मग भाच्यानेच विचारले, "तुमच्याकडे काळ्या लोकांचं काय होतं?" कारण त्याने वाचले होते. जून १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना या पंथात पुरोहितपद मिळत नव्हते आणि काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातले महत्त्वाचे विधी बंद होते. त्यासाठी जी कारणे पूर्वी सांगितली जात, ती संस्थेने २०१३ मध्ये जाहीरपणे नाकारली. स्त्रियांना पुरोहितपद आजही नाही.

घरमालक काका सत्तरीकडे झुकलेले. ते म्हणाले, "मी तेव्हा विशीत होतो. गाडीत रेडिओवर बातमी ऐकली, गाडी कडेला घेतली आणि रडलो. पण त्याआधी इतकी वर्षं मी गप्प का होतो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही."

भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडं असं बोलणारा म्हातारा मला अजून भेटायचाय."

मग आम्ही ताईचा प्रश्न विचारला. "बाबा रे, ते तुला त्यांच्यात यायला सांगतात का?" तो म्हणाला, "सांगतात. खोटं का बोलू? त्यांची मुलं अठरा वर्षांची झाली की घरच्या पैशानं दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. अशी दोन मुलं माझ्याकडंही आली. मी त्यांना गरम दूध दिलं, पुस्तक घेतलं, वाचलंही. आणि सांगितलं, आमच्या जिल्ह्यात येवला नावाचं गाव आहे. तिथं १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या बापानं धर्म सोडायची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नवा स्वीकारला. मधली एकवीस वर्षं तो सगळे धर्म तपासत होता. त्याच्या लेकरानं एका जेवणावर निर्णय घ्यायचा का? ती मुलं हसली. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलंच." महिन्या-दोन महिन्यांनी तो लेटन गावच्या थाई विहारातही जाऊन येतो. तिथे त्रिसरण म्हणताना भंतेंचे उच्चार वेगळे आणि याचे वेगळे, पण शब्द तेच.

त्यांच्यातले सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणत नाही आणि भाचाही म्हणत नाही. त्याच्या गटातल्या एका मित्राचे लग्न मंदिरात लागले. त्यांची रविवारची सभा सर्वांना खुली, पण मंदिरात मात्र दाखला असलेल्या सभासदालाच प्रवेश. भाचा बाहेर हिरवळीवर थांबला. शेजारी नवरीचा सख्खा मामा उभा होता, तोही पंथाबाहेरचा. भाचीचे लग्न, आणि मामा बाहेर. भाचा म्हणाला, "दार जन्मावरून बंद नव्हतं, हे मला कळतं. तरी मला काळाराम आठवला आणि तुम्ही आठवलात." शिवाय जे त्या पंथात वाढले आणि ज्यांना शंका येऊ लागल्या, त्यांना त्या छोट्या गावात जड जाते, हेही त्याने पाहिले आहे. सगळी संध्याकाळ एकाच छपराखाली गेली की ते छप्पर सोडणाऱ्याला आभाळ फार मोठे वाटते.

तर मग घ्यायचे काय आणि सोडायचे काय? आमचे मत असे. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. पण मुलाची रिकामी वेळ ही समाजाची जबाबदारी आहे, हे त्यांना कळले आहे आणि आपण विसरलो आहोत. विसरलो असे मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याला हे आधी माहीत होते. खुद्द बाबासाहेबांचे न्यूयॉर्कमधले सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळींत गेले, मग त्यांनी स्वतःला सावरले, हे त्यांच्या चरित्रांत आहे. पण सावरले म्हणजे माणसे तोडली नाहीत. तिथल्या वसतिगृहात भेटलेले नवल भथेना जन्मभराचे मित्र झाले आणि अडचणीत पैशानेही उभे राहिले. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. मुंबईत मोफत वाचनालय काढले. आणि तरुणांनी वाईट नादाला लागू नये म्हणून आणखी काय काढले? हॉकीचा क्लब! शंभर वर्षांपूर्वी, खिशात दमडी नसताना, आपल्या माणसांनी पोरांच्या संध्याकाळचा विचार केला होता.

आज नाशिकमध्ये आपली किती मुले-मुली खोल्या घेऊन राहतात ते पाहा. सुरगाणा, पेठ, नांदगाव, येवला, कुठून कुठून आलेली. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर सरकारची स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. पैसे खात्यात येतात, पण संध्याकाळ खात्यात येत नाही. ही मुले आपल्याला दिसतात कधी? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि गुणगौरवाच्या कार्यक्रमात. शाल, नारळ, टाळ्या, आणि मग मुलगा आपल्या खोलीत एकटा. लोगनला बर्फ पडतो म्हणून तिथला एकटेपणा आपल्याला दिसला. आपल्या शेजारच्या गल्लीतला दिसला नाही.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती आम्ही वहीत लिहून ठेवली. हे लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. उपास सोडायला साबुदाण्याची परात नाही! नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्याला उत्पन्नाचा विसावा भाग धम्मासाठी द्यायला सांगितले होते. विसावा भाग राहिला बाजूला, निदान महिन्यातली दोन जेवणे तरी?

बोलून मोकळे व्हायची आमची सवय नाही. वस्तीतल्या विहारात चार जणांपुढे विषय मांडला. एकाने विचारले, "भाषण कोणाचं ठेवायचं?" आम्ही म्हटले, "कोणाचंच नाही." दुसऱ्याने विचारले, "अध्यक्ष कोण?" म्हटले, "अध्यक्ष नाही. फक्त एक क्लार्क आहे, तो आम्ही." ठरले असे: दर सोमवारी संध्याकाळी सात ते नऊ. त्रिसरण-पंचशील, मग कॅरम, बुद्धिबळ, गाणी, गप्पा, आणि आळीपाळीने एकेका घरचे जेवण. ज्याला अभ्यास करायचा त्याने कोपऱ्यात बसून करावा. मुलींसाठी नऊनंतर घरापर्यंत सोडायला दोन भगिनींनी जबाबदारी घेतली आहे. कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे दारात विचारायचे नाही.

पहिल्या सोमवारी तिघेच आले, त्यांतला एक चुकून आलेला. ताईने डाळ-बट्टी केली होती. जेवताना एक मुलगा, सुरगाण्याकडचा, खाली मान घालून म्हणाला, "काका, नाशिकला येऊन दीड वर्ष झालं. कुणाच्या तरी हातचं, बसून, गप्पा मारत जेवायला आजच मिळालं." ताई काही बोलली नाही. तिने त्याच्या ताटात आणखी एक बट्टी ठेवली.

रात्री तिने भाच्याला फोन लावला. आम्ही बाजूलाच होतो. म्हणाली, "ते काका-काकू बोलावतात ना, जात जा. आणि त्यांना सांग, माझ्या पोराला जेवू घालता, तुमची कुणी लेकरं नाशिकला आली तर माझ्याकडं पाठवा. मी त्यांना चहा देणार नाही."

दुसऱ्या सोमवारी सात जण आले. आपल्या वस्तीतही असे एखादे विहार, एखादी मोठी खोली असेल. सोमवारच हवा असे नाही.

जयभीम.